पेठेचा धर्मादाय आणि गल्लीची मंडळे

बेळगावच्या सार्वजनिक उत्सवांचा इतिहास सांगताना लोकमान्य टिळकांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते यथायोग्यच आहे. पुण्यात १८९३ साली गणेशोत्सवास जे सार्वजनिक रूप लाभले, ते लोकमान्यांच्या प्रेरणेने आणि गंगाधरराव देशपांडे यांच्यासारख्या अनुयायांच्या परिश्रमाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेळगावच्या झेंडा चौकात अवतरले. परंतु उत्सवास प्रेरणा लागते तसाच पैसाही लागतो, आणि त्या पैशाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. मंडपाचे बांबू, दिवाबत्ती, मेळ्यातील मुलांचे पोशाख, कीर्तनकाराची बिदागी, हे सारे कोणाच्या गल्ल्यातून आले? झेंडा चौक हा बाजारपेठेतला चौक आहे, एवढे सांगितले तरी सुज्ञ वाचकांस उत्तर मिळावे.

जुन्या पेठांच्या हिशेबांत दलाली, हमाली, तोलाई यांच्या पंगतीस ‘धर्मादाय’ नावाचे एक कलम बसत असे. पोत्यामागे वा शेकड्यामागे अल्पशी रक्कम मालाच्या किमतीवर घेतली जाई, आणि ती देवळाचा नंदादीप, पाणपोई, पांजरपोळ, तालीम अशा कामी लागे. व्यापाऱ्यास त्याचा भार वाटत नसे. कारण, स्पष्टच बोलायचे तर, तो पैसा त्याचा नव्हताच. तो गिऱ्हाइकाचा किंवा माल आणणाऱ्या शेतकऱ्याचा होता. मान मात्र पेढीला मिळे.

कायद्याने ही गोष्ट चांगली ओळखली होती. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे ५४ वे कलम सर्वस्वी धर्मादायासच वाहिलेले आहे. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. रूढीनुसार धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम व्यवहारात आकारली जाते, ती घेणाऱ्याच्या हाती विश्वस्त या नात्याने राहते आणि तिचा हिशेब त्याने धर्मादाय अधिकाऱ्याकडे द्यावा, असा त्याचा आशय. पुढे हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मादायाची रक्कम हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असाच निर्णय दिला. १९७९ च्या निर्णयसंग्रहांत तो छापलेला आहे. गिरणीस त्यामुळे कराचा लाभ झाला खरा, परंतु न्यायतत्त्व असे ठरले की धर्मादायाने जो मंडप उभा राहतो, त्याचा दाता पेढीवाला नसून केवळ वाहक असतो.

या पैशातून तरुणांस काय मिळाले, हेही पाहिले पाहिजे. वर्गणीची पावती फाडणे, जमाखर्च लिहिणे, मिरवणुकीत रांग राखणे, ही शाळा फारशी कोणी शाळा म्हणून गणली नाही. १९२४ च्या डिसेंबरात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्माजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. तेथे डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाच्या स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली. सेवादलाची शिस्त हर्डीकरांची होती, हे निर्विवाद. तरी सार्वजनिक कामात हात घालण्याची सवय या शहरातील पोरांना उत्सवांनी आधीच लावली होती, असे माझे मत आहे.

निपाणीची गोष्ट निराळी. तेथे पेठ म्हणजे तंबाखूच्या वखारी, आणि वखारीत पिकाचा मालक व पैशाचा मालक समोरासमोर उभे राहत. त्या समृद्धीने सार्वजनिक संस्थांस हात दिला, हे खरे. देवचंद शहा यांचे नाव धारण करणारे महाविद्यालय निपाणीलगत, पण सीमेपलीकडे कागल तालुक्यातील अर्जुननगरास आहे, हेही सीमाभागाचे एक वैशिष्ट्यच. परंतु त्याच निपाणीत १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी लढा दिला आणि एप्रिलमधील गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. उत्सवातील औदार्याचे मोजमाप करताना मालाला काय भाव दिला, हा प्रश्न टाळता येत नाही, तो यामुळे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली. उत्सव तसेच राहिले. वैशाखातील शिवजयंतीचे चित्ररथ निघतात, अनंत चतुर्दशीस गणपती कपिलेश्वर तलावाकडे जातात. बदलला तो देण्याचा प्रकार. चौकाच्या तोंडाशी आता कमान उभी राहते आणि तिच्यावर देवाच्या नावापेक्षा दुकानाचे नाव मोठे असते. यामागे हौसेइतकेच करशास्त्र आहे. जाहिरातीचा खर्च व्यापारखर्च म्हणून उत्पन्नातून वजा होतो. मंडळास दिलेल्या साध्या वर्गणीस ती सवलत नाही, त्यासाठी मंडळ नोंदलेले व आयकर खात्याने मान्य केलेले असावे लागते.

मोठ्या कंपन्यांबाबत कायदा अधिक सावध आहे. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने त्यांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील दोन टक्के सामाजिक कार्यास लावणे बंधनकारक केले. पण एकवेळच्या समारंभाचा खर्च त्यात धरू नये, असे सरकारने २०१४ सालीच कळविले, आणि मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजन २०२१ च्या नियमांनी वगळले. गणपत गल्लीतला कापडवाला त्या मर्यादेत येतच नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: कमानीवर नाव घालून जाहिरात करावी, किंवा पावती घेऊन वर्गणी द्यावी. पहिल्या वाटेने गेलेला पैसा करारापुरता असतो. फलक उतरला की संबंध संपला. दुसऱ्या वाटेने दिलेल्या पैशाचा जमाखर्च, विसर्जनानंतर, मंडळाच्या पोरांस विचारण्याचा हक्क त्याला राहतो.