शॉकअप बदलायचे की जपायचे? एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या निमित्ताने

हेक्टर गाडीच्या नाकावरचा तो अष्टकोनी बिल्ला आता आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो. गाडी बनते गुजरातमध्ये हलोलला, कंपनीत पैसा चिनी आणि भारतीय, पण बिल्ला मात्र ऑक्सफर्डचा. मॉरिस गॅराजेस, म्हणजे एमजी. १९२० च्या दशकात सेसिल किंबर नावाच्या मॅनेजरनं साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली, तिथून हे नाव निघालं.

आजची गोष्ट याच बिल्ल्याच्या एका जुन्या गाडीची, आणि त्यातही फक्त तिच्या शॉकअपची. सार्वजनिक विषयावर लिहिणारा माणूस शॉकअपवर का आला, असं वाटेल. थोडा धीर धरा. कायदा, कारखानदारी, स्पेअर पार्ट आणि आपला भंगाराचा सोस, सगळं या एका पार्टात येऊन मिळतं.

गाडीचं नाव एमजीबी. १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती बनत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातला मोठा वाटा अमेरिकेला गेला. दोन सीट, उघडं छप्पर, मध्यमवर्गीय माणसाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार. आज त्यातल्या हजारो गाड्या चालत्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक मालकासमोर कधी ना कधी हा प्रश्न येतोच: शॉकअप गेले, आता कुठले टाकू?

आधी एक गैरसमज दूर करू. खड्ड्याचा धक्का शॉकअप खात नाही, तो स्प्रिंग किंवा पाटा खातो. पण स्प्रिंग एकदा दबली की उसळते, मग परत दबते, परत उसळते. ही उसळी मारण्याचं काम शॉकअपचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीनं ढकललं जातं आणि हालचालीचं रूपांतर उष्णतेत होतं. इंग्रज लोक त्याला डॅम्पर म्हणतात, ते जास्त बरोबर आहे. शॉकअप मेला की गाडी होडीसारखी डुलते, आणि खरा धोका म्हणजे चाक रस्ता सोडतं. चाक हवेत असताना ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात हे काम घर्षणानं व्हायचं. फ्रान्सच्या त्र्युफोची कल्पना अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डनं बाजारात आणली: लाकूड-चामड्याच्या चकत्या एकमेकींवर घासायच्या. मग तेल आलं. फ्रेंच इंजिनिअर मॉरिस हुदाय याची तेलाची, दांडा हलवून चालणारी जात फोर्डच्या मॉडेल ए गाडीला बसली. आज आपण ओळखतो तो सरळ नळीचा, टेलिस्कोपिक शॉकअप १९३० च्या दशकात पुढे यायला लागला.

एमजीबीला मात्र दांड्याचाच शॉकअप होता, पुढेही आणि मागेही. आर्मस्ट्राँग कंपनीचा. धातूचा एक जाडजूड डबा, आत दोन पिस्टन आणि तेल, बाहेर एक हात. चाक वर-खाली झालं की हात हलतो, पिस्टन तेल ढकलतात. १९६२ साली सुद्धा हे जुनंच तंत्र होतं. पुढच्या चाकांची मांडणी तर त्याहून जुनी. ती १९४७ च्या एमजी वाय-टाइपची, आणि तिच्या रचनेत पुढे मिनी गाडी घडवणाऱ्या अ‍ॅलेक इसिगोनिसचा हात होता. टीडी, एमजीए, एमजीबी अशी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

ती बदलली का नाही? पैसा. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड नावाची अवाढव्य कंपनी जन्मली, १९७५ मध्ये ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली. एमजीबी विकली जात होती, म्हणून तिच्यावर खर्च करायची कुणाला गरजच वाटली नाही. आणि जो बदल झाला तो कायद्यामुळे. अमेरिकेनं बंपरचे नियम कडक केले, म्हणून १९७४ च्या शेवटापासून काळे रबरी बंपर लागले आणि उंची जुळवण्यासाठी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली. वर पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. गाडी वळणावर कलायला लागली, बोंब झाली, तेव्हा १९७७ च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्हीकडे बार बसवले. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये एक नियम झाला आणि ऑक्सफर्डशायरमधल्या गाडीची चाल बिघडली. म्हणूनच आज शॉकअप निवडणारा पहिला प्रश्न हाच विचारतो: गाडी क्रोमची की रबराची? दोघींची उंची वेगळी, म्हणजे शॉकअपला मिळणारी जागाही वेगळी.

आता पर्याय बघू.

पहिला: जुनाच दांड्याचा शॉकअप दुरुस्त करून घेणं. यात एक मोठी मेख आहे. शॉकअप गळतो तो बहुतेक वेळा शाफ्ट आणि बेअरिंग झिजल्यामुळे. स्वस्तातला दुरुस्तीवाला डबा धुतो, काळा रंग मारतो, तेल भरतो आणि देतो. काही महिन्यांत गळती परत सुरू. चांगला कारागीर शाफ्टची जागा नीट करून नवं बेअरिंग आणि चांगलं सील बसवतो. दोघांच्या भावात फरक असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विचारायचं ते हेच: "बेअरिंग बदललं का?"

दुसरा: मागच्या बाजूला टेलिस्कोपिकचा सेट. ब्रॅकेट मिळतात, बोल्टवर बसतात. नळीच्या शॉकअपमध्ये तेल जास्त, पिस्टनची चाल लांब, म्हणून तो तापून ढिला पडत नाही. पण पाट्याची गाडी हलकी असते, आणि त्यात हौसेनं सगळ्यात कडक शॉकअप टाकला तर मागचं चाक रस्त्यावर नाचतं. गॅसचा दाब जास्त असलेले शॉकअप गाडीला थोडं वर उचलतातही. हॉलंडच्या कोनी कंपनीच्या लाल शॉकअपचा म्हणूनच बोलबाला: ते काढून, पूर्ण दाबून, फिरवून परतीची चाल घट्ट करता येते. झीज झाली की फेकायचं नाही, एक पीळ द्यायचा आणि परत वापरायचा.

तिसरा: पुढच्या बाजूलाही टेलिस्कोपिक. इथे सांभाळून. एमजीबीत पुढच्या शॉकअपचा हात हाच सस्पेन्शनचा वरचा हात आहे, चाक त्यालाच धरून उभं असतं. तो नुसता काढून टाकता येत नाही. काही सेटमध्ये जुना डबा फक्त बिजागरी म्हणून ठेवतात, काहींत अख्खी मांडणीच बदलते. खर्च मोठा, आणि चूक झाली तर किंमतही मोठी. तेव्हा जाणकारांचा क्रम सरळ असतो. आधी टायर, बुश, पाटे, किंगपिन बघा. अर्धा आजार तिथेच असतो. मग जुना शॉकअप नीट करून घ्या. तरीही समाधान नाही झालं तर मागे टेलिस्कोपिक, आणि पुढचं सगळ्यात शेवटी.

यात "अस्सलपणा"चा वादही येतो. मूळचा पार्ट काढला तर गाडी मूळची राहिली का? गंमत अशी की १९९२ मध्ये एमजीबीच्याच बॉडीवर आरव्ही-८ ही गाडी काढताना खुद्द कंपनीनंच दांड्याचे शॉकअप टाकून टेलिस्कोपिक लावले. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, फिवानं, ट्युरिन सनद मान्य केली. इमारतींच्या जतनासाठी जो विचार १९६४ च्या व्हेनिस सनदेत आहे, तोच तिथे गाड्यांना लावला: बदल कराच, पण परत फिरवता येईल असा. बोल्टवर बसणारा ब्रॅकेट चालेल, कापलेली बॉडी परत येत नाही.

कायदाही इथे डोकावतो. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गाडीत मोठे बदल केलेले नसतील तरच. सस्पेन्शनची पद्धत बदलणं हा मोठा बदल धरतात, मात्र सुरक्षिततेसाठी केलेल्या सुधारणेला मोकळीक आहे. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम आले: व्हीए मालिकेची नंबर प्लेट, २०,००० रुपये फी, १० वर्षांची नोंदणी. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. दोन्हीकडे कायद्यानं एक गोष्ट मान्य केली: जुनी गाडी हा भंगार नसून वारसा असू शकतो.

पण नुसत्या कायद्यानं गाडी चालत नाही, पार्ट मिळावा लागतो. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, तेव्हा एमजीबी संपायला हवी होती. संपली नाही. क्लबांनी पार्टची मागणी जिवंत ठेवली, छोट्या वर्कशॉपनी दुरुस्तीचा धंदा उभा केला, आणि ब्रिटिश मोटर हेरिटेजनं जुने साचे शोधून १९८८ मध्ये एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. मेलेल्या गाडीची नवी बॉडी! आज त्या मालकाला "कुठला शॉकअप निवडू" हा प्रश्न पडतो, ही त्या सगळ्यांची कमाई आहे. निवड करायला आधी पर्याय शिल्लक राहावे लागतात.

आता आपल्याकडे बघा. शॉकअप बनवण्यात आपण मागे नाही. मुलुंडची गॅब्रिएल १९६१ पासूनची. हात आहेत, लेथ आहेत, डोकं आहे. पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेनं उतरली, तेव्हा आपण दोन दिवस हळहळलो आणि विसरलो. तिचे साचे, तिचे नकाशे, तिची दुरुस्ती हातात बसलेले मेकॅनिक, यांची नोंद कुणी ठेवली? केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे. पण हक्क कागदावर मिळाला आणि बेअरिंग बदलणारा कारागीरच उरला नाही, तर त्या हक्काचं करायचं काय?

प्रदूषण करणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावरून हटलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण जी नीट होऊ शकते ती नीट करणारा माणूस टिकला पाहिजे. तुमच्या गावात असा एखादा जुना मेकॅनिक असेल, जो पार्ट बदलण्याआधी तो उघडून बघतो, तर त्याचं काम कसं चालतं ते खाली लिहा. अशा माणसांची यादी कुठल्याच खात्याकडे नाही.