रुतलेली चाकं

'चाकोरी' हा शब्द आपण रोज वापरतो. चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार. बोलताना एवढंच विसरतो की चाकोरी ही आधी मातीत असते. एकाच वाटेनं बैलगाड्या जाऊन जाऊन चाकांनी पाडलेल्या दोन समांतर खाचा म्हणजे चाकोरी. गाडी चाकोरीत असली की गाडीवान डुलकी घेऊ शकतो. चाकोरी सुटली की त्याला उतरून पुढची माती पाहावी लागते.

आमच्या अकलूजकडच्या माणसाला ही माती वेगळी सांगावी लागत नाही. माळशिरस तालुका तसा पर्जन्यछायेतला. आभाळाचं पाणी बेताचंच. पण नीरा नदी आहे, नीरेचा उजवा कालवा आहे आणि कालव्यामागून आलेला ऊस आहे. त्यामुळे आमच्याकडे चिखल केवळ पावसाळ्यात होतो असं नाही. ऐन हिवाळ्यात, गळिताच्या हंगामात, भिजलेल्या रानातून उसाची गाडी बाहेर काढताना ती आसापर्यंत रुतते. काळ्या मातीचा गुणच तसा. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाणी मिळालं की फुगते आणि चाकाला लोण्यासारखी चिकटते. टायरच्या खाचा एकदा या मातीनं भरल्या की टायर आणि गुळगुळीत नळा यांत फरक उरत नाही.

या मातीनं भल्याभल्यांना अडवलं आहे. 1689 साली छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, ती खबर औरंगजेबाला मिळाली तेव्हा त्याचा तळ अकलूजला होता. दख्खन आता हाती आली, असं त्याला त्या वेळी वाटलं असणार. त्यानंतर तो अठरा वर्षं जगला आणि तीही इथंच, तंबूत. या वर्षांचा इतिहास आपण लढायांमधून वाचतो. पण तो चिखलातूनही वाचता येतो.

मोगलांच्या तोफखान्याचं वर्णन फ्रेंच प्रवासी बर्निए यानं केलं आहे. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला तो बादशाही लवाजम्याबरोबर काश्मीरच्या वाटेवर होता. काही तोफा इतक्या अवजड होत्या की एकेका तोफेला बैलांच्या वीस-वीस जोड्या लागत. चढ आला, रस्ता खराब झाला की बैलांची ताकद अपुरी पडे. मग हत्ती आणले जात आणि ते डोक्यानं नि सोंडेनं तोफगाड्याची चाकं रेटत. पुढून बैल ओढताहेत, मागून हत्ती रेटतोय. अडलेलं वाहन काढण्याची त्या काळातली ही सगळ्यात मोठी यंत्रणा म्हणायची.

दख्खनच्या पावसापुढे ही यंत्रणाही थिटी पडली. 1700 सालच्या 1 ऑक्टोबरच्या रात्री आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याकडच्या खवासपूरला, माण नदीचं पाणी मोगली छावणीत घुसलं. एरवी कोरडी असणारी ही नदी. त्या गोंधळात बादशहाचा पाय मुरगळून गुडघा निखळला आणि पुढं आयुष्यभर तो लंगडत राहिला. दोन वर्षांनी, जून 1702 मध्ये, त्यानं विशाळगड घेतला आणि भर पावसात पन्हाळ्याकडे परत फिरला. जदुनाथ सरकारांनी या परतीचा हिशोब दिला आहे. अंतर तीसेक मैल आणि त्याला लागले 38 दिवस. ओढे भरलेले, वाटा निसरड्या, ओझ्याची जनावरं मरून पडलेली. किल्ला हाती आला होता, पण सैन्य मैल-मैल करत वाटेवरच झिजत होतं.

आता हीच वाट उलट्या दिशेनं पाहा. 1660 सालची 12 जुलैची रात्र. हाच मुलूख आणि असाच धो-धो पाऊस. सहाशेच्या आसपास मावळे घेऊन शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले. मागे घोडखिंडीत बाजीप्रभू आणि त्यांचे सोबती उभे राहिले, तो पराक्रम आपल्याला तोंडपाठ आहे. मला इथं दुसरी गोष्ट सांगायची आहे. एकाला एक रात्र नि एक दिवस लागला, दुसऱ्याला 38 दिवस. चिखल तोच होता. फरक होता तो ओझ्याचा. महाराजांजवळ तोफा नव्हत्या, तंबू नव्हते, बाजार नव्हता. बादशहाजवळ हे सगळं होतं आणि त्यातलं काहीच खाली ठेवायची त्याची तयारी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात जगातल्या सैन्यांपुढे हाच प्रश्न नव्यानं आला. वाट नसेल तिथून जाणारी, हलकी, चार माणसांनी रेटली तर हलणारी गाडी अमेरिकन सैन्याला हवी होती. 1940 साली बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं तिचा पहिला नमुना करून दिला. पुढं विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. हीच जीप. तिची खुबी म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोनच चाकांना नव्हे, तर हवी तेव्हा चारही चाकांना मिळते.

ही गाडी आपल्याकडे आली त्याचीही एक कथा आहे. 1945 साली के. सी. आणि जे. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली. नाव होतं 'महिंद्र अँड मोहम्मद'. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि नंतर गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. नावातली जोडी तुटली, गाडी मात्र चालत राहिली. मुंबईत जोडल्या जाणाऱ्या या जीपा पुढं तहसील कचेऱ्यांत, पाटबंधारे खात्यात, आरोग्य केंद्रांत आणि साखर कारखान्यांच्या शेतकी विभागात दिसू लागल्या.

चार चाकांना ताकद मिळते म्हणजे गाडी रुतत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. त्यासाठी दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची पेटी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देते. चिखलात हीच सोय उलटते. ज्या चाकाला पकड नाही ते भिंगरीसारखं फिरतं आणि पकड असलेलं चाक उभंच राहतं. जीपचं पुढचं एक आणि मागचं एक चाक निसरड्या जागी सापडलं की चारांपैकी दोन चाकं नुसती खड्डा खणत बसतात. जितकी रेस, तितका खोल खड्डा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या गल्लीत एक चाचा होते, सरकारी जीपवर ड्रायव्हर. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. नदीकाठच्या एका वस्तीवरची बाई अडली होती आणि रात्री तिला आणायला चाचा निघाले. वस्तीची वाट दाखवायला म्हणून मला बरोबर घेतलं. येताना उसाच्या रानाकडेला जीप बसली. वस्तीवरचे लोक धावत आले. "चाचा, रेस करा, रेस करा," असा गलका झाला. आत बाई कळा सोसत होती.

चाचांनी इंजिन बंद केलं. मला त्यांचा रागच आला. ते म्हणाले, "आधी उतरा सगळे." बाईला बाजेवर घेऊन चौघांनी कोरड्या बांधावर नेलं. गाडीतलं सगळं सामान खाली उतरवलं. मग त्यांनी चारही टायरांतली हवा निम्म्यावर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जास्त माती धरतो. चाकांपुढचा चिखल फावड्यानं ओढून तिथं उतार केला आणि त्यावर पाचट नि गोणपाट अंथरलं. तोवर वस्तीवरून एक बैलजोडी आली. नाडा त्यांनी बंपरला बांधू दिला नाही. गाडीखाली शिरून चासीला बांधला. आम्हा पोरांना ओरडून लांब हाकललं. त्यांच्या भुवईवर एक जुना व्रण होता. पूर्वी कधी ट्रक ओढताना तारेचा दोर तुटून लागलेला. ताणलेला दोर तुटला तर माणूस मारतो, हे त्या व्रणाकडे पाहून कळायचं.

बैल सावकाश चालले. चाचांनी खालच्या गिअरमध्ये, अगदी कमी रेसवर गाडी सोडली आणि जीप वर आली.

आता पुन्हा अशा गाड्यांची हौस आली आहे. 'थार' घेऊन तरुण मुलं मुद्दाम चिखलात नि नदीपात्रात शिरतात. इगतपुरीला अशी गाडी चालवायचं शिक्षण देणारी अकादमीही निघाली. हौसेला माझा विरोध नाही. गाडीत विंच आली, नायलॉनचे पट्टे आले, फोन केला की जेसीबी येतो. पण नियम चाचांचेच आहेत. आधी थांबा, खाली उतरून माती पाहा, ओझं कमी करा, माणसं दोरापासून लांब ठेवा, आणि मदत मागायला लाजू नका. वीस-वीस जोड्या बैल आणि हत्ती जवळ असणाऱ्या बादशहाला यातला ओझ्याचा नियम पाळता आला नाही.

त्या रात्री बाई वेळेवर दवाखान्यात पोचली. निघण्याआधीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. बाईला गाडीत बसवेपर्यंत चाचांनी बैलवाल्याला आणि मला फावडी दिली आणि चाकांनी पाडलेले खड्डे बुजवायला लावले. "पहाटे उसाची गाडी यायची इथनं," ते म्हणाले. बैलवाल्यानं पैसे घेतले नाहीत. आम्ही खड्डे बुजवले, वर पाचट टाकलं आणि निघालो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)