प्रसववेदना आणि स्मरण

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वेला उद्देशून प्रसववेदनेचे जे वचन आले आहे, ते पुष्कळांनी आज्ञा म्हणून वाचले. स्त्रीने वेणा सोसायच्याच. त्या हलक्या करू पाहणे म्हणजे देवाच्या शब्दास आडवे जाणे, अशी समजूत अनेक भाविक घरांत रुजली. ती कशी उकलत गेली, हे आपण पाहू.

४ नोव्हेंबर १८४७ रोजी एडिंबरा येथील प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म स्वतः हुंगून पाहिले आणि चारच दिवसांनी ते एका बाळंतिणीस दिले. धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून डिसेंबरात त्यांनी पुस्तिका लिहिली. त्यांचा युक्तिवाद शास्त्रातूनच आला होता. हव्वेच्या वेदनेसाठी जो हिब्रू शब्द योजला आहे, तोच पुढच्या वचनात आदामाच्या कष्टांसाठी आहे. मग शेतातले काटेकुसळे उपटणे पाप नसेल, तर स्त्रीच्या कळा शमविणे पाप कसे? ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतले, तेव्हा लोकमतही निवळू लागले.

ख्रिस्तसभेचा स्पष्ट शब्द ८ जानेवारी १९५६ रोजी आला. रशियन डॉक्टरांनी विकसित केलेली, शिकवण व श्वसनाच्या सरावातून वेणा सुसह्य करणारी पद्धत डॉ. फर्नांड लामाझ यांनी १९५२च्या सुमारास पॅरिसमध्ये आणली होती. तिच्याविषयी पोप बारावे पायस प्रसूतितज्ज्ञांशी बोलले. तिचा उगम जडवादी विचारांच्या देशातला असला, तरी तेवढ्याने ती त्याज्य ठरत नाही. उत्पत्तीतील वचन मातेला आराम घेण्यास मनाई करीत नाही, असे त्यांनी सांगितले. श्रद्धेने सोसलेल्या दुःखाचे मोल त्यांनी नाकारले नाही. मात्र ते कुणावर लादलेही नाही.

आता स्मरणाविषयी. बाळ जन्मल्यावर आनंदामुळे मातेला यातना आठवत नाहीत, असे प्रभू येशूने म्हटल्याचे संत योहान सांगतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात सुमारे १,४०० मातांना प्रसूतीनंतर दोन महिन्यांनी, एका वर्षाने व पाच वर्षांनी त्यांच्या वेदनेविषयी विचारले गेले. पाच वर्षांनी जवळजवळ निम्म्या जणींना ती पूर्वीपेक्षा सौम्य वाटली, सुमारे एक तृतीयांश जणींना तेवढीच, तर उरलेल्यांना अधिक तीव्र. ज्यांचा प्रसूतीचा एकूण अनुभव वाईट होता, त्यांची आठवण मात्र फिकी झाली नव्हती.

याने प्रभूचे वचन खोटे ठरते काय? मुळीच नाही. प्रभू आपल्या शिष्यांना दुःखानंतरच्या आनंदाचे आश्वासन देत होता. मातांची वेदना मोजीत नव्हता. त्या वचनाच्या आधारे कुणा मातेला गप्प करणे, हाच त्याचा विपर्यास होय. “आम्ही नाही का सोसले?” हा प्रश्न आपल्या घरांतून अजूनही सुनेला ऐकावा लागतो. त्याऐवजी “तुला कसे गेले?” असे विचारून शांतपणे ऐकून घेतले, तर ते शास्त्राला अधिक धरून होईल, असे आम्हांस वाटते.