असेंबलर (८०८५ प्रोसेसरच्या संदर्भात)

असेंब्ली भाषेतील, म्हणजे अक्षरी संक्षेपांत लिहिलेल्या, आज्ञांचे यंत्रसंकेतांत रूपांतर करणारी आज्ञावली. इंटेलच्या ८०८५ (१९७६) या ८-बिट मायक्रोप्रोसेसरसाठी हेच काम संकेतांचा तक्ता पाहून हातानेही करता येते. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांत ट्रेनर किटवर (सराव-संचावर) ते तसेच शिकवले गेले, म्हणून येथे या प्रोसेसरचा आधार घेतला आहे. रमेश गावकर यांचे ८०८५ वरील इंग्रजी पाठ्यपुस्तक या शिक्षणात प्रमाण मानले गेले.

आज्ञेची घडण : ८०८५ ची आज्ञा एक, दोन किंवा तीन बाइटची असते, पहिला बाइट ऑपकोडचा, म्हणजे कोणती क्रिया करायची हे सांगणाऱ्या संकेताचा. त्यातील आठ बिटांची वाटणी नेमकी ठरलेली आहे. एमओव्ही आज्ञेत पहिले दोन बिट ०१, पुढचे तीन मूल्य जेथे ठेवायचे त्या रजिस्टरचे (प्रोसेसरमधील साठवण-जागेचे) आणि शेवटचे तीन जेथून घ्यायचे त्याचे. रजिस्टरांचे क्रमांक असे : बी ०००, सी ००१, डी ०१०, ई ०११, एच १००, एल १०१, ए १११. उरलेला ११० हा एच-एल जोडीने दाखवलेल्या स्मृतिस्थानाचा, म्हणजे ‘एम’चा. त्यानुसार ‘एमओव्ही ए, बी’ ही आज्ञा ०१ १११ ००० अशी होते. षोडशमान पद्धतीत ७८. याच नियमाने ‘एमओव्ही एम, एम’चा संकेत ७६ आला असता, परंतु तो एचएलटी (थांबा) या आज्ञेला दिलेला आहे. तक्ता पाठ करण्यापेक्षा ही वाटणी उमगणे कितीतरी मोलाचे आहे. १६-बिट पत्ता लिहिताना कनिष्ठ बाइट आधी येतो.

उदाहरण : ५ पासून १ पर्यंतच्या संख्यांची बेरीज (पत्ते व संकेत षोडशमानात). एमव्हीआय रजिस्टरमध्ये संख्या भरते, ‘एक्सआरए ए’ ए शून्य करते, एडीडी ए मध्ये मिळवते, डीसीआर एकाने कमी करते, जेएनझेड उत्तर शून्य नसेल तर दिलेल्या नावाकडे उडी घेते, एसटीए ए मधील मूल्य स्मृतीत ठेवते आणि डीएस जागा राखून ठेवते.

२००० एमव्हीआय बी, ०५ : ०६ ०५
२००२ एक्सआरए ए : एएफ
२००३ फेर: एडीडी बी : ८०
२००४ डीसीआर बी : ०५
२००५ जेएनझेड फेर : सी२ ०३ २०
२००८ एसटीए बेरीज : ३२ ०सी २०
२००बी एचएलटी : ७६
२००सी बेरीज: डीएस १

०५ हा बाइट येथे दोनदा आला आहे. २००१ वर तो पाच ही संख्या आहे आणि २००४ वर ‘बी एकाने कमी कर’ ही आज्ञा. बाइटकडे पाहून त्याचा अर्थ कळत नाही. प्रोसेसर तेथे कोणत्या क्रमाने पोहोचला यावर तो ठरतो. म्हणूनच हाताने संकेतन करताना एक बाइट गळला, तर पुढची आज्ञावली वेगळ्या अर्थाने वाचली जाऊ शकते.

दोन फेऱ्या : ‘फेर’ हे नाव वापरण्याआधीच आलेले आहे, ‘बेरीज’ मात्र वापरल्यानंतर येते. त्यामुळे एसटीएचा संकेत लिहिताना ‘बेरीज’चा पत्ता ठाऊक नसतो. यासाठी असेंबलर पहिल्या फेरीत प्रत्येक आज्ञेची लांबी मोजत स्थान-गणक (पुढच्या बाइटचा पत्ता) पुढे नेतो आणि भेटलेली नावे व त्यांचे पत्ते चिन्हसूचीत नोंदवतो. दुसऱ्या फेरीत सूची पाहून संकेत पुरे करतो. पहिल्या फेरीत आज्ञांच्या मूल्यांची नव्हे, लांबीचीच गरज असते. ८०८५ मध्ये ती ऑपकोडवरून लगेच कळते. एकाच फेरीत काम उरकणारे असेंबलर पत्त्याची जागा रिकामी ठेवून नंतर भरतात.

निर्देश : ओआरजी, ईक्यूयू, डीबी, डीएस, एंड. हे प्रोसेसरसाठी नसून असेंबलरसाठी असतात, म्हणून यांना ऑपकोड नसतो.

इतिहास : पहिला असेंबलर कोणता, हे व्याख्येवर अवलंबून असल्याने श्रेयाबाबत एकमत नाही. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात कॅथलीन बूथ यांनी एआरसी या यंत्रासाठी १९४७ च्या सुमारास केलेले काम त्यात धरले जाते. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर (१९४९) डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या ३१ प्रारंभिक आज्ञा कागदी फितीवरील अक्षरी आज्ञा व दशमान पत्ते वाचून द्विमान रूपात स्मृतीत ठेवत. ‘ए’ म्हणजे मिळव, ‘एस’ म्हणजे वजा कर. आयबीएम ६५० साठीचा सोप (१९५५) हा असेंबलर स्मृतीच्या फिरत्या ड्रमवर पुढची आज्ञा योग्य क्षणी हाती यावी अशा जागी ती ठेवी.

मॅक्रो व लिंकर : मॅक्रो म्हणजे वारंवार लागणाऱ्या आज्ञांच्या गटाला दिलेले नाव, लिंकर म्हणजे स्वतंत्रपणे तयार केलेले भाग जोडणारी आज्ञावली; हे पुढील टप्प्यातील विस्तार होत.