गुडघा कशाने गेला?

मागच्या वेळी आपण काकतालीय न्यायापाशी थांबलो होतो. कावळा बसला, फांदी मोडली; म्हणून कावळ्यानेच मोडली का? आज हाच प्रश्न सैनिकाच्या गुडघ्याला विचारू.

फौज सोडताना मेडिकल बोर्ड ठरवतं, की दुखणं सेवेमुळे झालेलं आहे का, किंवा निदान सेवेमुळे बळावलेलं आहे का. एकाचं उत्तर 'हो' आलं आणि अपंगत्व किमान २० टक्के भरलं, तरच डिसॅबिलिटी पेन्शन.

कवायतीत पडून लिगामेंट तुटलं तर त्याला तारीख असते, इजेचा अहवाल असतो. माणूस ड्यूटीवर होता का, एवढंच पाहायचं. पण वीस वर्षं पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढल्यावर झिजलेला गुडघा? झिजेला तारीख नसते. बोर्ड लिहितं, वयाचा आजार. झालं!

मग सिद्ध कोणी करायचं? १९८२च्या नियमांचं उत्तर उदार होतं. भरतीच्या वेळी दोष नोंदलेला नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं. पुढे वैद्यकीय कारणाने घरी पाठवला, तर बिघाड सेवेमुळेच. पुरावा दावेदाराकडे मागायचा नाही. शंकेचा फायदा त्याला. २०१३ मध्ये धरमवीर सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच उचलून धरलं. तो सिग्नल्सचा शिपाई, १९८५ची भरती. आजार गुडघ्याचा नव्हे, फेफऱ्याचा. पण गुडघेवाले आजही त्याच निकालाचा आधार घेतात.

२००८चे नियम मात्र म्हणतात, सेवाकाळात रोग दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं ठरत नाही. तर्कशास्त्र म्हणून बिनचूक! आम्ही वर्गात हेच शिकवलं. पण इथे वाद तर्काचा नाहीच मुळी. बदल्यांच्या नोंदी, दवाखान्याचे कागद, सगळं सरकारच्या कपाटात. आणि पुरावा आणायचा कोणी, तर शिपायाने?

२०१४च्या राम अवतार निकालाने आणखी एक गाठ सोडवली. २० टक्के अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरण्याची सवलत मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. झिजलेले गुडघे बहुतेक त्यांचेच असतात, नाही का?

२०२३ मध्ये आणखी नवे नियम आले. ते पुढच्या व्याख्यानात.

सातारा-कोल्हापूरकडचे श्रोते विचारतात, दाद कुठे मागायची? २००७च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, मुंबईतही खंडपीठ आहे. जाताना लो मेडिकल कॅटेगरीत टाकल्याचा पहिला कागद तेवढा न्या. त्यावर तारीख असते.