गोलरक्षक बर्ट ट्राउटमन

तहावर सह्या व्हायला एक दिवस पुरतो. मनातील अढी जायला मात्र पिढी खर्ची पडते. बर्ट ट्राउटमन या जर्मन फुटबॉलपटूचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

त्याचा जन्म १९२३ साली ब्रेमेन शहरी झाला. हिटलरच्या राजवटीत वाढलेला हा मुलगा छत्रीधारी सैनिक झाला, रशियाच्या आघाडीवर लढला, शौर्याबद्दल ‘आयर्न क्रॉस’ मिळवता झाला आणि अखेर इंग्रजांचा युद्धकैदी बनला. लँकेशायरमधील छावणीत कैद्यांच्या सामन्यांत तो गोलरक्षण करू लागला. १९४८ साली मायदेशी परतण्याची मुभा असताही तो इंग्लंडमध्येच राहिला. पुढच्याच वर्षी मँचेस्टर सिटी या नामांकित क्लबाने त्याला आपल्या संघात घेतले.

त्यासरशी शहरात प्रक्षोभ उसळला. हजारो लोक निषेधार्थ रस्त्यावर आले. मँचेस्टरमध्ये ज्यूंची वस्ती मोठी. त्यांचा संताप अकारण नव्हता. अशा वेळी तेथील ज्यू धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमन यांनी वृत्तपत्रात अनावृत पत्र लिहिले. राष्ट्राच्या पापाचे माप एकट्या माणसाच्या पदरात घालू नये, असा त्याचा आशय होता. आल्टमन स्वतः १९३८ साली जर्मनीतून परागंदा झालेले. त्यांचे मातापिता ऑशविट्झच्या छळछावणीत मारले गेलेले. ज्यांचे दुःख सर्वांत मोठे, त्यांनीच न्यायबुद्धी शाबूत ठेवली.

उरलेले काम ट्राउटमनच्या खेळाने केले. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्याची निर्भर्त्सना केली. खेळ संपला तेव्हा त्याच प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. १९५६ साली एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात १७ मिनिटे उरली असता एका टकरीत त्याच्या मानेस जबर इजा झाली. बदली खेळाडू घेण्याची तेव्हा सोय नव्हती. असह्य वेदना सोशीत त्याने अखेरपर्यंत गोल राखला आणि सिटीने बर्मिंगहॅमवर ३-१ असा विजय मिळवला. मानेचा मणका भंगल्याचे काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत आढळले! त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून इंग्लंडच्या क्रीडालेखकांनी त्याचीच निवड केली. सिटीसाठी तो एकूण ५४५ सामने खेळला.

निवृत्तीनंतर त्याने इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट आणि जर्मनीतील म्युन्स्टर येथील क्लबांची धुरा वाहिली. परंतु तेथे खेळाडूपणीचे यश लाभले नाही. त्याचे खरे शिक्षककार्य पुढेच घडले. पश्चिम जर्मनीच्या साहाय्ययोजनेतून तो ब्रह्मदेशात गेला. त्यानंतर टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान आणि येमेन येथेही त्याने तरुणांना खेळाचे धडे दिले. एके काळी बंदूक खांद्यावर घेऊन परमुलखात शिरलेला हा माणूस आता चेंडू घेऊन परदेशी जात होता.

२००४ साली ब्रिटनने त्याला ‘ओ. बी. ई.’ हा किताब दिला. २०१३ साली स्पेनमध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या धैर्याचे गोडवे जग गाते, ते योग्यच आहे. परंतु ते धैर्य दाखविण्याची संधी त्याला मिळाली, ती काही माणसांनी त्याला प्रथम माणूस म्हणून पाहिले म्हणून. हे आपण विसरता कामा नये.