लपण

जावळीच्या खोऱ्यात लपण्याची विद्या फार जुनी आहे. १६५६ मध्ये हा मुलूख शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतला आणि १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाच्या फौजेचा घात येथील झाडीतच झाला. झाडीत कोण दडले आहे हे तिला अखेरपर्यंत उमगले नाही. त्या जावळी तालुक्याचे आजचे ठाणे म्हणजे वेण्णाकाठचा मेढा. येथील रानात माणूस आजही दडून बसतो, मात्र त्याच्या हाती आता कॅमेरा असतो. हे स्थित्यंतर कसे घडले आणि ते खरोखर पुरे झाले आहे काय, याचा आज थोडा विचार करू.

मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, त्या काळी पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो आधी मारावयाचा, अशीच रीत होती. कॅमेरा ठाऊक होता. परंतु त्याच्या काचेच्या तबकड्या मंद असत, आणि उडते पाखरू त्यांवर उमटणे दुरापास्त होते. म्हणून छायाचित्रकाराची दृष्टी प्रथम वळली ती न हलणाऱ्या घरट्याकडे. इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे १९०० मध्ये त्यांनी एक पोकळ बैल तयार करविला आणि त्याच्या पोटात बसून पाखरे टिपली. आपल्या देशात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याहून पुढची मजल मारली. शिवालिकच्या रानवाटेवर ते तार ताणून ठेवीत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश चमके आणि वाघ स्वतःच स्वतःचे चित्र काढी. ही चित्रे १९२७ मध्ये त्यांच्या ग्रंथातून जगापुढे आली. प्रथम माणूस बैलाच्या पोटात दडला, नंतर तो तेथून उठून घरीच गेला!

तथापि श्रोतेहो, बंदूक खाली ठेवली म्हणजे मनातील शिकारी निमाला असे नव्हे. घरट्यावरची चार पाने बाजूला सारली की चित्र स्वच्छ येते. पण त्याच वाटेने ऊन आणि कावळाही आत येतो. पावसाळ्यात मेढ्याकडील ओढ्यांवर शीळकरी कस्तूर गातो आणि पाण्यालगतच्या कपारीत घरटे करतो. त्याच सुमारास नवरंगाचीही वीण चालू असते. त्याला पुढे आणण्यासाठी कोणी त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज वाजवितो. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो बिचारा घरटे सोडून धावत येतो. या मोहाची जाण कायद्याला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. अर्थात हाती कॅमेरा असूनही माणूस शिकारी ठरू शकतो.

मेढ्यापलीकडची डोंगररांग ओलांडली की कोयनेचे खोरे लागते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. तेथे चॅम्पियन यांच्या तारेची जागा आता प्राण्याच्या चाहुलीने आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने घेतली आहे. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. म्हणून अशा चित्रांवरून वाघ ओळखावे आणि मोजावे, ही पद्धत उल्हास कारंत यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात नागरहोळेच्या रानात रूढ केली. सह्याद्रीत २०१८ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात अशाच कॅमेऱ्यांनी वाघ टिपला. त्या चित्रांत कलाकुसर नाही. पण रानात वाघ आहे याची ती साक्ष आहे, आणि ती मिळविताना वाघाच्या वाटेत कोणी माणूस उभा नव्हता.

घरच्या परसातील दयाळाला वा प्रवासात दिसलेल्या शेकरूला हाच नियम लावण्यास कोणते यंत्र लागते? कॅमेरा खाली घेऊन आपण निघून गेलो, तरी पाखरू आपल्या अंड्यांवर तसेच बसून राहिले, तर ते चित्र निर्दोष समजावे. घरटे सोडून ते उडाले असेल, तर चित्र कितीही सुरेख असो, त्याची किंमत त्या पाखराने मोजलेली असते.